एकदाच कापायचे केस

“आज नाही जमायचं, वहिनी,” दारात उभा राहून डोंगराकडे बघत लियाओ म्हणाला, आणि तोंडातली काडी त्याने या गालातून त्या गालात सरकवली.

बोतानने हातातलं केस कापायचं मशीन खाली ठेवलं. खुर्चीत बसलेल्या आ-चीच्या गळ्याभोवतीचं पांढरं कापड सोडून तिने ते दारात नेऊन झटकलं. त्यावर एक केसही पडलेला नव्हता, पण हाताला सवय होती.

“आता काय झालं उजेडाला?” आतल्या बाकावरून तिच्या नवऱ्याने, किमसुईने विचारलं. “काल ढग होते. परवा म्हणे ऊन फार. तुमच्या त्या उजेडाला एकदा जेवायला बोलवा, डायरेक्टर. म्हणजे तरी येईल वेळेवर.”

लियाओ हसला. तो क्वचितच बोलायचा, आणि हसायचा तेही आवाज न करता. “येईल, दादा. घाई नाही.”

“घाई नाही कशी? पोराच्या डोक्यावर जंगल माजलंय. उद्या त्यात पाखरं घरटी करतील.”

आ-ची खुर्चीतून उठला, आरशात बघून त्याने मानेवर आलेले केस मागे सारले आणि किमसुईच्या शेजारी जाऊन बसला. बाकावर बुद्धिबळाचा पट मांडलेला होता. सकाळचा अर्धा राहिलेला डाव होता.

पेखाम हे डोंगराच्या कुशीतलं कोळशाच्या खाणीचं गाव. गावात एकच गल्ली, गल्लीच्या खालच्या टोकाला स्टेशन आणि वरच्या टोकाला खाणीचं तोंड. मधोमध बोतानचं सलून. खाण आता निम्म्याहून जास्त बंद पडली होती, जवान माणसं शहरात निघून गेली होती, तरी सकाळी डोंगरावरून धुकं उतरायचं आणि कोळसा धुण्याच्या शेडमधून वाफ निघायची. ती दोन्ही गल्लीत येऊन एकमेकांत मिसळली की समोरचं घरही नीट दिसत नसे. अशाच एका सकाळी लियाओ पहिल्यांदा दुकानात आला होता. दाढी करायला म्हणून बसला आणि गरम टॉवेल तोंडावर ठेवल्याबरोबर झोपी गेला. उठल्यावर त्याने दुकान बघितलं, आरसा बघितला, दारातून आत आलेलं ऊन बघितलं. मग म्हणाला, मी सिनेमे काढतो, मला हे दुकान हवंय. दुसऱ्या खेपेला आला तेव्हा म्हणाला, मला तुम्हीही हव्या आहात.

“मला नाटक येत नाही,” बोतान म्हणाली होती.

“म्हणूनच विचारतोय.”

“आणि मला ती सरकारी भाषाही धड येत नाही. सिनेमात सगळे तीच बोलतात.”

“माझ्या सिनेमात तुम्ही घरी बोलता तसंच बोलायचं. आवाजही इथंच धरायचा. नंतर स्टुडिओत बसून कुणी दुसरी बाई तुमच्या तोंडी बोलणार नाही.”

गोष्ट साधी होती. खाण कामगाराच्या मुलाला सैन्यातल्या सक्तीच्या नोकरीचं बोलावणं येतं. त्याची आई केस कापणारी असते. तो जायच्या आदल्या दिवशी ती त्याचं डोकं भादरते. बाकीचा सिनेमा लियाओने तालुक्याच्या शाळेत, समुद्रावर, बंदराच्या शहरात काढून संपवला होता. एवढाच तुकडा राहिला होता. दुपार कलताना डोंगराच्या खिंडीतून उन्हाची तिरीप दुकानात यायची, खुर्चीवरून सरकत आरशावर जायची आणि विझायची. लियाओला ती तिरीप हवी होती. आणि केस आ-चीचे, खरेच. टोप नको, असं त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. म्हणजे काही चुकलं तर पुन्हा करायची सोय नाही. डोकं एकच, केस एकदाच.

तर सगळे वाट बघत होते.

वाट बघता बघता बोतानने सगळ्या टोळीचे केस कापून टाकले. आधी कॅमेरावाल्याचे, मग दिवे धरणाऱ्यांचे, मग सामान वाहणाऱ्यांचे. तिला एकच कट चांगला यायचा, मागून बारीक आणि वर थोडे राखलेले. गल्लीत ते सगळे उकिडवे बसून भाताचे डबे उघडायला लागले की किमसुई म्हणायचा, “बघ म्हातारे, सगळी एकाच आईची लेकरं. बापाचा मात्र पत्ता नाही.” फक्त आवाजवाला गाओ राहिला होता. तो कानावर मोठे गोळे लावून दिवसभर फिरायचा आणि लांब काठीला बांधलेला माईक कुठं कुठं धरायचा. कोंबड्या कोंडायला लावायचा, रेडिओ बंद करायला लावायचा. पहिल्या तालमीला तो किमसुईपाशी येऊन अदबीने म्हणाला होता, “दादा, तुमची छाती फार बोलते.”

“तीस वर्षं दगडाची धूळ खाल्लीय तिने,” किमसुई म्हणाला. “बोलणारच.”

मग असं ठरलं, की तालीम सुरू झाली की किमसुईने स्टेशनजवळच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसायचं.

आ-ची नट नव्हता. दूर दक्षिणेतल्या एका दुसऱ्या बंदराच्या शहरात, बर्फाचा गोळा विकणाऱ्या दुकानाबाहेर तो मित्रांबरोबर उभा असताना लियाओने त्याला हेरलं होतं. वीस वर्षांचा, उंच, जरा वाकून चालणारा, कुणी काही विचारलं की आधी कान लाल होणारा. टोळीची सोय खाणीच्या रिकाम्या चाळीत होती, पण आ-ची सकाळी उठला की सरळ सलूनमध्ये यायचा. बोतान त्याला रताळ्याची पेज वाढायची, सोबत सुकवलेला मुळा घालून केलेलं अंड्याचं धिरडं. तो जेवायचा आणि न सांगता भांडी घासायला नळावर जायचा.

“ठेव ते, मी करते.”

“असू दे मावशी. घरी पण मीच करतो.”

“आई काय करते मग?”

“मासळी बाजारात बसते. पहाटे जाते, दुपारी येते. हाताला बर्फ लागून लागून बोटं वाकलीत तिची.”

बोतानने आणखी एक धिरडं टाकलं. तो नको म्हणाला, तिने ऐकलं नाही.

किमसुईबरोबर तो बुद्धिबळ खेळायचा आणि रोज हरायचा. हरला की किमसुई खूश व्हायचा, खुशीत खोकायचा, आणि आ-ची उठून त्याची पाठ चोळायचा. एकदा भर दुपारी बोतानला डुलकी लागली. जाग आली तेव्हा दुकानात धुक्यासारखा पांढुरका उजेड भरला होता, आरशात दोघांच्या पाठी दिसत होत्या, म्हाताऱ्याची आणि त्या मुलाची. सोंगट्यांचा लाकडी टकटक आवाज येत होता. कोण काय बोलत होतं ते कळत नव्हतं. क्षणभर तिला वाटलं, आता हाक मारली तर यातला कोण ओ देईल ते सांगता यायचं नाही. ती डोळे मिटून तशीच पडून राहिली.

गावातल्या सगळ्या पोरांना सैन्यात जायच्या आधी तिनेच भादरलं होतं. तिथं गेल्यावर सगळ्यांचंच डोकं भादरतात, पण आयांना वाटायचं, आपल्या डोळ्यांदेखत, ओळखीच्या हाताने व्हावं. पोरं हसत यायची, खुर्चीत बसली की गप्प व्हायची. बोतान त्यांच्याकडून पैसे घेत नसे. गावातली ही अशी किती डोकी तिच्या हाताखालून गेली होती. तिच्या स्वतःच्या मुलाचं तेवढं राहिलं.

आ-तेक सोळाव्या वर्षापासून बापाबरोबर खाणीत उतरत होता. बोलावणं यायचं वर्ष जवळ आलं, त्याआधीच्या हिवाळ्यात खालच्या बोगद्यात वायू पेटला. किमसुई त्या दिवशी वरच्या बोगद्यात होता. तो आपल्या पायांनी वर आला. आ-तेकला संध्याकाळी आणलं.

रिवाज असा, की आईबापांनी मुलाच्या शवपेटीमागून जायचं नाही. म्हाताऱ्यांनी तरण्याला पोचवायला जाऊ नये. चुलतभाऊ गेले, खाणीतले सोबती गेले. बोतानला बायकांनी आत धरून ठेवलं. किमसुई दारात उभा राहिला, सुपारी चघळत, गल्लीच्या वळणापर्यंत बघत. मग आत येऊन त्याने पाय धुतले. तो रडला नाही. बोतानने त्याला कधीच रडताना पाहिलं नाही. त्या दिवसापासून घरात ते नावही कुणी घेतलं नाही. आधी तिला त्याचा राग यायचा, मग ती थकली, मग सवय झाली. कोनाड्यातल्या फोटोवरची धूळ ती पुसायची, आणि तो तेवढा वेळ बाहेर जाऊन उभा राहायचा.

आणि मग एक दिवस खरोखरच उजेड आला.

सकाळपासून आभाळ धुतल्यासारखं होतं. लियाओ गल्लीतून धावत आला. त्याला धावताना कुणी पाहिलं नव्हतं.

“वहिनी, आज! दुपारी तयार राहा.”

बोतान टॉवेल पिळत होती. ती म्हणाली, “मशीन नाहीये.”

“नाहीये म्हणजे?”

“धार लावायला पाठवलंय. बंदरावर. अडखळत होतं.”

तिचं तिलाच नवल वाटलं, शब्द इतके सहज आले. लियाओने भिंतीकडे बघितलं. तिथं वस्तरे होते, कात्र्या होत्या, वस्तऱ्याला धार लावायचा चामड्याचा पट्टा होता, आणि एक रिकामा खिळा होता. मग त्याने तिच्याकडे बघितलं. गाओ मागे उभा राहून काहीतरी पुटपुटला, दिवस वाया, ऊन पुन्हा कधी, असं काहीसं.

“कधी येईल परत?” लियाओने विचारलं.

“काय सांगू. येईल.”

“बरं,” तो म्हणाला. “येईल तेव्हा सांगा.” आणि टोळीला घेऊन निघून गेला.

आ-ची मात्र तिथेच रेंगाळला. “मावशी, मी जाऊन आणू का? दुपारच्या गाडीने जाऊन येतो.”

“तू बस. जेवलास का?”

संध्याकाळी आ-ची चाळीकडे गेल्यावर किमसुई आतल्या खोलीत जाऊन पलंगावर बसला आणि ओरडला, “आई गं!”

“काय झालं?”

“बंदर फारच जवळ आलंय म्हातारे. माझ्या रजईखालीच.” त्याने रजईखालून मशीन ओढून काढलं आणि मांडीवर ठेवलं. “ढुंगणाला धार लागली माझ्या.”

बोतानला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत येऊन थांबलं. ती उंबऱ्यावर बसली. बाहेर गल्लीत कुणीतरी कुत्र्याला हाकलत होतं.

किमसुईने मशीनच्या दोन दांड्या एकदा दाबून बघितल्या. तेल घातलेलं होतं, पाती मुकाट्याने एकमेकांवर सरकली.

“त्याला त्याची आई आहे, बोतान,” तो म्हणाला.

“मला माहीत नाही का?”

“तू नाही कापलेस म्हणून त्याचे केस राहणार नाहीत. कुणीतरी कापेल.”

“मी कुठं म्हणाले राहतील म्हणून? चार दिवस जेवतोय, जेवू दे. तुला काय त्रास?”

“मला काय त्रास,” किमसुई म्हणाला. “मला तर रोज एक डाव फुकट जिंकायला मिळतो.” मग नुसती त्याची छाती वाजत राहिली. “मोह धरू नये एवढंच. आपण धरला की समोरच्याचा पाय अडकतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मशीन खिळ्याला अडकवलं आणि स्वतः चाळीपर्यंत चालत गेली. लियाओ पायरीवर बसून दात घासत होता.

“मशीन आलं,” ती म्हणाली.

“आलं?”

“आलं.”

दोघांपैकी कुणीही हसलं नाही.

दुपारी कोंबड्या कोंडल्या गेल्या, रेडिओ बंद झाले. खाणीतल्या ट्रॉल्या थांबवायला माणूस वर गेला. कॅमेरा रस्त्याच्या पलीकडे ठेवला होता, समोरच्या वाण्याच्या दुकानात, इतका लांब की बोतानला वाटलं, एवढ्यावरून ह्याला काय दिसणार. गाओने माईक खुर्चीच्या वर, छताजवळ लपवला आणि किमसुईला म्हणाला, “दादा, चला. टपरीवर तुमच्यासाठी दाण्याचं सरबत सांगून ठेवलंय.”

किमसुईने चपला घातल्या. दारापर्यंत गेला. तिथं थांबला आणि परत आला.

“मी कुठं जात नाही,” तो म्हणाला. “आतल्या खोलीत बसतो. पडदा ओढून घेतो. खोकणार नाही.”

“दादा, तुमच्या हातात आहे का ते?”

“नाही म्हणतोय ना एकदा!”

गाओने हात जोडल्यासारखं केलं आणि लियाओकडे वळला. “डायरेक्टर, एकच डोकं आहे! एवढे दिवस थांबलोय आपण.”

“माहीत आहे,” लियाओ म्हणाला. तो किमसुईकडे बघत होता. “बसू द्या त्यांना.”

बोतान मध्ये पडली नाही. तिने आ-चीला खुर्चीत बसवलं, कापड गळ्याभोवती गुंडाळून मागे टोचलं. त्याचे कान लाल झाले होते. कुणीतरी लाकडाच्या पट्ट्या आपटल्या. मग गल्ली अशी शांत झाली, की वरच्या शेडमधून पाणी ठिबकतंय तेही ऐकू यायला लागलं.

तिला एकच वाक्य दिलं होतं. ‘ताठ बस.’ तेवढं म्हणायचं, आणि मग कापायचं. ती ते म्हणाली. मशीन तिने कपाळापासून आत घातलं आणि पहिला पट्टा मागेपर्यंत ओढला. काळ्या केसांतून पांढरी वाट उघडी पडली. केसांचा झुपका खांद्यावरून घसरून मांडीवर पडला, तेव्हाच उन्हाची तिरीप आत आली. हवेत तरंगणारे बारीक केस सोन्याच्या कुसळांसारखे चमकायला लागले. ते खाली पडतच नव्हते. बोतानला वाटलं, आपण पाण्याखाली आहोत.

“मान खाली,” ती म्हणाली. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. “अजून. हं. तिथं भूक लागली तर मागून घे. लाजत बसू नकोस. लाजणाऱ्याला कुणी वाढत नाही.”

“हो,” आ-ची म्हणाला. त्यालाही कुणी सांगितलं नव्हतं.

“थंडी वाजली तर वाजते म्हणून सांग. पायमोजे ओले असले तर घालू नको.”

“हो.”

“आणि पुढं पुढं करू नकोस कशात. मागं राहा. कुणी पोचेल आधी, पोचू दे.”

या वेळी त्याच्याच्याने हो म्हणवलं नाही. मशीन कटकट कटकट चाललं होतं. ती कानामागून वळली आणि मानेच्या खळगीपाशी आली. तेव्हा पडद्यामागून आवाज आला.

दबका, तुटलेला आवाज. आधी एकदा, मग थांबून पुन्हा, जसं काही कुणी खोल विहिरीतून जड बादली ओढतंय आणि ती कठड्याला आपटतेय. तिचा हात जागच्या जागी थांबला. त्याचे सगळे खोकले तिला पाठ होते, पहाटेचा, धुळीचा, पावसाळी हवेचा, बायको रागावली म्हणजे मुद्दाम काढलेला. हा त्यातला कुठलाच नव्हता.

तिने मागे बघितलं नाही. तिने बघितलं असतं तर पोरानेही बघितलं असतं. आत तो माणूस तोंडात रजईचा बोळा कोंबून बसला असेल, आणि त्याला कुणी बघावं असं त्याला नको असेल, एवढं तिला त्याच्याबरोबरच्या इतक्या वर्षांनी कळत होतं. तिने श्वास सोडला आणि मशीन पुन्हा चालवलं. सावकाश. आवाज येत राहिला, मग विरळ झाला, मग थांबला. तिरीप आरशावर गेली होती.

तिने मानेवरचे केस फुंकले, कापड सोडलं. आ-ची उठला. सांगितल्याप्रमाणे दारातून बाहेर पडला आणि गल्लीतून खाली निघून गेला. त्याचं गोटा डोकं आता लहान मुलासारखं दिसत होतं. बोतानने केरसुणी घेतली आणि केस गोळा केले. लियाओने थांबा म्हटलं नाही. म्हणून ती खुर्चीत बसली. तिच्या स्वतःच्या खुर्चीत ती कधी बसली नव्हती. उजेड आरशावरून निघून गेला आणि दुकानात सावली भरली, तरी ती बसूनच होती.

“झालं,” फार उशिराने पलीकडून आवाज आला.

गाओ धावतच आत आला आणि त्याने कानावरचे गोळे काढून बाकावर आपटले. “गेलं! सगळं गेलं! सांगत होतो मी!”

पडदा सरकवून किमसुई बाहेर आला. त्याचा चेहरा धुतलेला होता, केस कपाळाला चिकटले होते. “आला खोकला,” तो म्हणाला. “काय करू? छातीच फुटकी.”

“टपरीवर जाऊन बसायला काय झालं होतं, दादा?”

“चुकलं बाबा. म्हातारा आहे. मार दोन.”

लियाओने बाकावरचे गोळे उचलले आणि स्वतःच्या कानाला लावले. गाओला तेवढा तुकडा पुन्हा वाजवायला सांगितला. तो खाली मान घालून ऐकत उभा राहिला. ऐकून झाल्यावर मागच्या नळावर गेला. तिथं बोतान फण्या धूत होती.

“वहिनी,” तो म्हणाला, “तो खोकला होता का?”

पाणी वाहत होतं. तिने एक फणी घासली, धुतली, बाजूला ठेवली.

“खोकलाच,” ती म्हणाली.

“पुसता येईल. वरून दुसरा काही आवाज घालून झाकता येईल. गाडीचा, पावसाचा.” त्याने तोंडातली काडी काढून हातात धरली. “सिनेमातलं मला कळतं. घरातलं तुम्ही सांगा.”

बोतानने नळ बंद केला. “पेखाममधल्या घरात खोकला नाही असं दाखवलंत तर लोक हसतील तुम्हाला.”

“मग राहू दे?”

“राहू दे.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने टोळी गेली. बोतानने धिरडी केळीच्या पानात बांधून दिली. आ-चीच्या उघड्या डोक्याला गार वारा झोंबत होता, म्हणून किमसुईने आपली टोपी त्याला घातली. ती त्याच्या कानांपर्यंत आली. “आता तरी खेळायला शिकून ये,” किमसुई म्हणाला. “माझ्या जिभेची चव गेली तुला हरवून.” आ-ची येईन म्हणाला. तो पुढे खरंच सैन्यात गेला आणि पुन्हा पेखामला आला नाही. पण नव्या वर्षाच्या सणाला दक्षिणेतून एक डबा आला, खारवून वाळवलेल्या माशाच्या अंड्यांचा, आणि वरचा दोरा वाकड्या बोटांनी मारल्यासारख्या मोठ्या मोठ्या गाठींनी बांधलेला होता. बोतानने त्या गाठी कापल्या नाहीत, बसून सोडवल्या.

सिनेमा पुढच्या वर्षी बंदराच्या शहरात लागला. अख्खं गाव दुपारच्या खेळाला गेलं. थिएटरात अंधार झाला आणि पडद्यावर पेखाम आलं, तशी लोकांची जीभ सुटली.

“ते बघ आमचं गच्चीवरचं वाळवण!”

“तुझं नाही, माझं. माझी चड्डी मला कळत नाही होय?”

“काय पण सिनेमा! सगळं आपलंच गाव. हे बघायला एवढ्या लांब यायचं?”

मग सलून आलं. रस्त्यापलीकडून, दाराच्या चौकटीतून, लहानसं. लोक गप्प झाले. बोतानला आधी वाईटच वाटलं, कारण तिचा चेहरा जवळजवळ दिसतच नव्हता. दिसत होती ती पाठ. पांढरा सदरा, थोडे वाकलेले खांदे. आपली पाठ तिने कधी पाहिली नव्हती. ही बाई एवढी बारीक आहे? तिला त्या पाठीची माया आली. पडद्यावर ऊन आलं आणि मुलाचे केस त्या उन्हात तरंगायला लागले. आणि तो आवाज आला.

“किमसुईदादाचा खोकला!” मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं.

सगळं थिएटर हसलं. “नाव आलंय का रे पाट्यांमध्ये? खोकला, किमसुई!” “दादा, आता एकदा इथं पण होऊ दे!” किमसुईही हसला. लोकांच्या आग्रहाखातर तो खरोखरच खोकला, मोठ्याने, नेहमीसारखं, आणि पुन्हा हशा झाला. बोतान पडद्याकडे बघत होती. तिथली बाई केस झाडून खुर्चीत बसली होती. काहीच होत नव्हतं. उजेड जात होता, एवढंच. हळूहळू हसणं विरलं. कुणीतरी नाक ओढलं. ज्यांची मुलं शहरात होती, ज्यांची जमिनीखाली होती, ते सगळे त्या रिकाम्या होत चाललेल्या दुकानाकडे बघत बसून राहिले.

गाडीने परत येईपर्यंत ऊन उतरलं होतं. लोक स्टेशनवरून बोलत बोलत पुढे निघून गेले. गल्लीच्या पायऱ्या चढताना किमसुईला मध्ये मध्ये थांबावं लागायचं. तो थांबला की बोतानही थांबायची आणि दुसरीकडेच कुठंतरी बघायची, म्हणजे त्याला थांबल्यासारखं वाटू नये. डोंगरावरून धुकं उतरत होतं. सलून दिसायला लागलं त्या वळणावर तो कठड्याला धरून उभा राहिला. छातीतली शिट्टी शांत व्हायला वेळ लागला.

“तेकच्या डोक्याला दोन भोवरे होते,” तो म्हणाला.

बोतानने त्याच्याकडे बघितलं. तो समोर धुक्याकडे बघत होता.

“शेजारी शेजारी. मी त्याला खांद्यावर घ्यायचो तेव्हा हाताला लागायचे.” त्याने श्वास घेतला. “तुझं मशीन अडखळलं असतं तिथं.”

“अडखळलं असतं,” बोतान म्हणाली.

थोडा वेळ ती दोघं तिथंच उभी राहिली. मग ती एक पायरी वर चढली आणि तो येईपर्यंत थांबली.